बुधवारच्या वहीतली शेजारीण

बुधवारी पाच वाजता माझ्या घरी प्रार्थना असते. दिग्रसमध्ये आम्ही ख्रिस्ती माणसं मोजकीच, एका पंगतीत जेवून उठू एवढी. त्यातल्या आठ-दहा बायका आणि दोन म्हातारे माझ्या हॉलमध्ये जमतात. बायका सतरंजीवर, म्हातारे खुर्चीवर. एक गीत होतं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब पंधरा मिनिटं बोलतो म्हणतात आणि पाऊण तास बोलतात. मग विनंत्या होतात. विनंत्या म्हणजे कोणासाठी काय मागायचं ते ज्याने त्याने सांगायचं. कोणाचा गुडघा, कोणाची नोकरी, कोणाच्या नवऱ्याचं पिणं. ते सगळं एका वहीत लिहितात आणि एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतात. शेवटी चहा आणि टोस्ट.

वही माझ्याकडे असते. पोस्टात तीस वर्षं काउंटरवर बसले, म्हणून माझं अक्षर चांगलं आणि लिहायचा मला कंटाळा नाही, असा सगळ्यांचा समज. कंटाळा आहे. आता तर सगळ्याचाच आहे. सतरंजी झटकायचा, कप विसळायचा, तीच गीतं त्याच ठिकाणी सूर सोडताना ऐकायचा. पण ही तक्रार करणार कोणाकडे? केली तर तीही विनंत्यांत जाईल.

या वहीत अकरा वर्षं, एका बुधवारामागून दुसऱ्या बुधवारी, माझ्या शेजारणीचं नाव आहे. ते मीच लिहिलं. वही भरली की नवी घेतली आणि नव्या वहीतही पहिल्याच पानावर लिहिलं. हे त्या शेजारणीला सोडून आमच्यातल्या सगळ्यांना माहीत होतं.

मी त्यांना ताई म्हणते, त्या मला मॅडम म्हणतात. त्यांचं शेत दिग्रसपासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. मुलीच्या शाळेसाठी त्यांनी इथं घर बांधलं, माझ्या घराला लागून. त्यांचे मालक रोज सकाळी मोटरसायकलने शेतावर जातात आणि ताई इथं घर सांभाळतात. मधल्या भिंतीची उंची कमरेएवढी. तिच्यावरून कढीपत्ता जातो, ताक येतं आणि कोणाच्या घरी काय झालं ते दोन्हीकडून जातं-येतं. अख्ख्या गल्लीत मला कोणी आपलं वाटलं असेल तर त्या. माझी मुलगी पुण्यात, भाऊ नागपूरला. तापाने पडले तर पहिला हात भिंतीपलीकडूनच येतो.

आमचे हे गेले तेव्हा पाच दिवस माझ्या घरात चूल पेटली नाही. ताईंनी पेटू दिली नाही. दोन्ही वेळा पिठलं-भाकरी घेऊन त्या यायच्या आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहायच्या. आमच्या मंडळींनी गीतं म्हटली, फुलं आणली, सांत्वनाची वाक्यं म्हटली. ताईंनी भाकरी मोडून ताटात ठेवली. पाचव्या दिवशी त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, तुमच्यात तेरवी नाही करत म्हणता. मंग गेलेलं माणूस कुठं जाते तुमच्यात?"

मी म्हटलं, "कुठं जाणार ताई. माती होते. सगळ्यांची सारखीच."

चार दिवसांपूर्वी कबरीच्या काठावर उभं राहून मी उलटंच ऐकलं होतं. पुन्हा भेट होणार आहे, हे ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, त्याच्यावरच मी उभी होते, नाहीतर तिथंच कोसळले असते. तो विश्वास माझा तेव्हाही होता आणि आजही आहे. आणि ज्या बाईने मला पाच दिवस हाताने जेवू घातलं तिने सरळ विचारलं तेव्हा मी तिला माती म्हणून सांगितलं. का, तर तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. पोस्टातली सवय. काउंटरपलीकडच्या माणसाशी कामापुरतं बोलायचं आणि पुढच्याला बोलवायचं.

ताई म्हणाल्या, "हो ना बापा. सगळी मातीच." आणि ताट उचलून गेल्या.

पुढच्या बुधवारी मी वहीत लिहिलं, शेजारच्या ताईंना प्रभूची ओळख व्हावी. तसं म्हणून दाखवलं. सगळ्यांनी मनापासून आमेन म्हटलं, एका काकूंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मला फार हलकं वाटलं. आपण ताईंसाठी काहीतरी केलं असं वाटलं. आमचं सगळं तिथंच बिघडतं. वहीत लिहिलं की काम झालं असं वाटतं आणि भिंत ओलांडायची गरज राहत नाही.

वर्षातून एकदा चर्चमध्ये सुवार्तेचा रविवार पाळतात. पाळकसाहेब विचारतात, या वर्षात कोणी एका तरी माणसाला प्रभूबद्दल सांगितलं असेल त्यांनी हात वर करा. सगळे पंख्याकडे बघतात. मीही बघते. पंखा जुना आहे, कुरकुरतो, त्याच्याकडे बघायला निमित्त आहे. पाळकसाहेबांचा स्वतःचा हातही खालीच असतो, पण त्यांच्या हातात माईक असतो म्हणून ते दिसत नाही.

असं नाही की भिण्यासारखं काहीच नव्हतं. एका बुधवारी चार-पाच तरुण दारात येऊन उभे राहिले. इथं काय चालतं, कोण कोण येतं, लोकांना बाटवता का, असं विचारायला लागले. पाळकसाहेबांचा आवाज बसला. तेवढ्यात ताई पदर खोचत फाटकातून आत आल्या आणि त्या पोरांना म्हणाल्या, "मॅडमच्या घरी भजन असते. लय वर्षांपासून असते. तुमाले काय पायजे?"

ताईंचे मालक गावात वजनदार माणूस. पोरं गेली. भजन हा शब्द ताईंना मीच दिला होता. पूर्वी कधी त्यांनी विचारलं होतं, "बुधवारी टाळ्यांचा आवाज येते, काय म्हणत असता हो?" आणि मी म्हटलं होतं, "काही नाही, आपलं भजन. देव काय, सगळे एकच." आता तोच शब्द पुढे करून त्यांनी आम्हाला वाचवलं. त्या दिवसापासून आम्ही बुधवारी खिडक्या लावून घ्यायला लागलो. टाळ्याही बंद केल्या. त्या पोरांची भीती खोटी नव्हती, पण मी ती गरजेपेक्षा जास्त वापरली. ताईंशी बोलायला खिडकी उघडी लागत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ताईंची मुलगी सासरहून परत आली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. काय झालं ते ताईंनी मला भिंतीपाशी उभं राहून सांगितलं, अर्धं शब्दांत, अर्धं नुसतं मान हलवून. बाहेर मात्र सांगायचं ठरलं की मुलगी परीक्षांचा अभ्यास करायला आली आहे; दिग्रसमध्ये क्लास आहे आणि सासरचे लोक चांगले, म्हणून पाठवलं. ताईंच्या दिराच्या मुलीचं जमवायचं होतं. घरातली एक मुलगी परत आली म्हटलं की दुसरीच्या वाटेत दगड पडतो, हे इकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

"कोणालेच सांगू नका, मॅडम," ताई म्हणाल्या. "तुमाले सांगतलं, तेवढंच. माह्या बहिणीले बी नाई सांगतलं."

"नाही सांगणार," मी म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं.

त्याच दिवसांत कधीतरी त्यांनी मला आणखी एक विचारलं. कढीपत्ता तोडता तोडता विचारलं, म्हणून मला तेव्हा ते मोठं वाटलं नाही. "मॅडम, तुमचे साहेब गेले तवा तुमी अशा थंड कशा होत्या? मी पाह्यलं तुमाले. रडल्या, पण हालल्या नाई. तुमच्यात काही असते का हो, मन जाग्यावर ठेवाचं?"

मी म्हटलं, "सकाळी चालायला जात जा ताई. खूप फरक पडतो. मी पण येते."

आणि आम्ही चालायला लागलो. जवळजवळ तीन वर्षं, पुसद रोडवर, कापसाच्या पहिल्या जिनिंग कारखान्यापर्यंत आणि परत. रोज पाऊण तास. तुरीचा भाव, मालिकेतली सासू, माझा गुडघा, त्यांचं बीपी, सगळ्यावर बोललो. जिनिंगच्या भिंतीपाशी आम्ही वळायचो आणि वळताना रोज मला वाटायचं की आज सांगू. मग समोरून कोणीतरी ओळखीचं यायचं किंवा कुत्रं मागे लागायचं किंवा काहीच नसायचं. उद्या सांगू म्हणत मी घरी यायचे आणि चहा ठेवायचे. तीन वर्षांत किती वेळा त्या भिंतीपाशी वळलो असू, तेवढ्या वेळा मी गप्प राहिले.

मुलीची गोष्ट मात्र मी सांगितली. बुधवारी. सुरुवातीला नाव न घेता, "एका बहिणीची मुलगी माहेरी आली आहे, तिचा संसार पुन्हा उभा राहावा." दोन म्हाताऱ्यांपैकी एक माझी गंमत करत म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोस्टातल्या असून पत्त्याशिवाय पत्र टाकता? नाव सांगा, म्हणजे नेमकं जाईल." सगळे हसले. मी नाव सांगितलं. मुलीचंही सांगितलं. काय झालं ते विचारलं, तेही थोडं सांगितलं, कारण नेमकं काय मागायचं ते कळायला हवं.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, म्हणून सांगते. प्रार्थनेत सांगितलं म्हणजे लोकांना सांगितलं, असं आमच्यात कोणी धरत नाही. डोळे मिटलेले असतात, आवाज खाली असतो, शेवटी आमेन असतं; ती चुगली वाटतच नाही. माझ्या हॉलमध्ये दहा-बारा माणसांना ताईंच्या घरातलं सगळं माहीत होतं आणि मी वचन मोडलं असं मला एकदाही वाटलं नाही. देवाला सांगितलं, एवढंच वाटलं. देवासोबत सतरंजीवर आणखी कोण कोण बसलं होतं, ते मी धरलंच नाही.

मागच्या दिवाळीनंतर ताई यवतमाळला निघाल्या होत्या, डोळे दाखवायला. एसटीत त्यांच्या शेजारी आमच्यातल्या काकू बसल्या; त्याच, ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काकू मनाने लोण्यासारख्या, त्यांच्या तोंडून वाईट शब्द कधी निघणार नाही. त्यांनी ताईंना माझ्या घरी पाहिलं होतं. वाटेतलं दारव्हा यायच्या आत त्यांनी ताईंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही मॅडमच्या शेजारच्या ना? तुमच्या मुलीसाठी आम्ही सगळे तीन वर्षांपासून प्रार्थना करतो. नांदायला गेली का मग?"

मागच्या सीटवर ताईंच्या गावची एक बाई होती. दिराकडची नातेवाईक.

हे मला काकूंनीच सांगितलं, पुढच्या बुधवारी, आनंदाने. "तुमच्या ताई भेटल्या हो. मी धीर दिला त्यांना." मी विचारलं, काय म्हणाल्या त्या? काकू म्हणाल्या, "काही नाही बोलल्या. हात काढून घेतला आणि खिडकीतून बघत राहिल्या. दुःखात असतात बिचाऱ्या."

मी चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला. पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपण यासाठीही प्रार्थना करू." आणि वही मागितली. मी दिली नाही. सापडत नाही, असं मी म्हटलं. ती माझ्या हातातच होती.

आठवड्याभरात ताईंच्या अंगणात पाहुण्यांच्या चपला दिसल्या. दीर, जाऊ, गावातले दोघं-तिघं. आतून मालकांचा आवाज येत होता, "सांगतलं कोणाले तुनं? सांगतलं कोणाले?" आणि ताईंचा, "कोणालेच नाई." दोन-तीनदा तेच. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी भिंतीच्या या बाजूला कढीपत्त्याजवळ उभी होते. आत जाऊन सांगायला हवं होतं की मी सांगितलं. तीस पावलंसुद्धा नव्हती. मी घरात आले आणि ताईंसाठी प्रार्थना केली.

मग ताई भिंतीपाशी यायच्या बंद झाल्या. सकाळी चालायला मी एकटीच निघाले, दोन दिवस गेले, मग सोडलं. एकदा मी भिंतीवरून हाक मारली, "ताई, अहो, आम्ही वाईट हेतूने नव्हतं..." त्या वाळलेले कपडे काढत होत्या. सगळे काढले, घडी न करता कवेत घेतले आणि आत गेल्या.

नाताळला मी दरवर्षी त्यांच्याकडे ताट पाठवते. करंज्या, चकल्या, केकचे तुकडे, वर क्रोशाचा रुमाल. ताईंकडून ते ताट कधी मोकळं आलं नाही. आपल्याकडे शेजारचं ताट मोकळं परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. ताई तिळाचे लाडू घालायच्या, नाहीतर शेतातल्या तुरीची डाळ. या नाताळला मी ताट नेऊन दिलं. मुलीने दारात घेतलं, माझ्याकडे न बघता. संध्याकाळी ताट भिंतीवर ठेवलेलं दिसलं. घासलेलं, पुसलेलं आणि मोकळं. रुमालाची चौकोनी घडी घालून त्यात ठेवली होती. मी पायरीवर बसून रडले. हे गेले तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते, कारण तेव्हा समोर ताई होत्या.

संक्रांत झाली. जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी, साडेचारला, मी सतरंजी झटकत होते. फाटक वाजलं. मला वाटलं कोणी लवकर आलं. ताई होत्या. दोन महिन्यांनी त्यांना जवळून बघत होते, वाळल्या होत्या. त्या आत आल्या, बसल्या नाहीत.

"मॅडम, थे वही दाखवा," त्या म्हणाल्या.

मी विचारलंही नाही की कोणती. आणून दिली. ही चालू वही, तीन-चार वर्षांची. जुन्या कपाटात होत्या, त्यांनी मागितल्या, त्याही दिल्या. ताई सातवी शिकलेल्या आहेत, वाचायला त्यांना वेळ लागतो पण येतं. सतरंजीवर बसून त्या पानं उलटू लागल्या. माझ्या टपोऱ्या अक्षरात, प्रत्येक बुधवारी, त्यांचं नाव. मधे त्यांचं बीपी होतं, मालकांचा अपघात होता, मुलीची बारावी होती, लग्न होतं. मग ते सगळं. त्यांचं बोट प्रत्येक नावापाशी थांबत होतं. मी उभी होते आणि मला वाटत होतं की त्या वही फेकतील. फेकली असती तर बरं झालं असतं.

पहिल्या वहीच्या त्या पानापाशी त्यांनी मोठ्याने वाचलं, शब्द जुळवत जुळवत. "शेजारच्या ताईंना... प्रभूची ओळख व्हावी."

मग मान वर केली. "हे मालक गेल्यावरचं हाय ना, तुमचे?"

"हो."

"पोरीचं सांगतलं त्याचा राग हाय मले. थो राहीन. लय दिवस राहीन," त्या म्हणाल्या. "पण हे काय हाय, मॅडम? मले ओळख व्हावी म्हणून अकरा वर्षं तुमी त्यालेच सांगून राह्यल्या? मी त इथंच होती. भिंतीच्या पल्याड. रोज तुमच्यासंग चालून राह्यली. मले काहून नाई सांगतलं?"

भीती वाटली म्हणू? कोणाची, ताईंची? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं म्हणू? मुलीची गोष्ट गावभर केली तेव्हा वाईट वाटेल हे कुठं गेलं होतं? मी नुसतं म्हटलं, "चुकलं, ताई." ते मुलीबद्दल होतं की दुसऱ्याबद्दल, मलाही नीट कळलं नाही. दोन्हींबद्दल असावं.

त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुमाले. तीनदा विचारलं. माह्या लक्षात हाय."

फाटक पुन्हा वाजलं. पाच वाजले होते. मंडळी यायला लागली. मला वाटलं ताई उठतील. त्या उठल्या नाहीत. वह्या बाजूला सारून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीला टेकून बसल्या. "मी बसतो आज. आयकतो, काय म्हणता माह्यासाठी थे."

अकरा वर्षं आम्ही याचीच प्रार्थना केली होती. ही बाई एक दिवस आमच्यात येऊन बसावी. पाळकसाहेब दारात आले, त्यांनी ताईंना पाहिलं आणि जागच्या जागी थबकले. काकू आल्या, त्या लालबुंद झाल्या आणि सर्वात मागे, पार स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसल्या. पोस्टाची गंमत करणाऱ्या म्हाताऱ्यांनी ताईंना विचारलं, "या वर्षी तूर कशी आहे?" ताई म्हणाल्या, बरी हाय. मग थंडीवर बोलणं झालं, थंडी या वर्षी लवकर गेली. एकाने खिडकी लावावी का विचारलं. ती लावलेलीच होती.

गीत झालं, पण ते निवडताना पाळकसाहेबांनी तीनदा पानं उलटली आणि शेवटी असं गीत काढलं ज्यात नुसती झाडं, डोंगर आणि सकाळ होती. ते पाऊण तास बोलतात, त्या दिवशी सात मिनिटं बोलले. शेजारधर्मावर बोलले. सगळ्यांनी चांगलं वागावं, असं काहीतरी. त्यांचा घाम दिसत होता. मला त्यांची कीव आली आणि माझी त्याहून जास्त.

मग विनंत्या. मी पेन घेऊन बसले. शेवटी कोणीतरी देशासाठी सांगितलं. कोणी पावसासाठी, जानेवारीत. एका बाईने स्वतःच्या गुडघ्याचं सांगितलं, दरवेळी सांगते तेच. मी सगळं लिहिलं. शेवटी पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणखी काही? ताईही माझ्याकडे पाहत होत्या. हातात पेन होतं, समोर मोकळी ओळ होती. ते नाव मी अकरा वर्षं लिहीत आले होते, हात आपोआप लिहील इतकं. मी मान हलवली. नाही, एवढंच.

पाळकसाहेबांनी देशासाठी, पावसासाठी आणि गुडघ्यासाठी प्रार्थना केली. आमेन झालं. डोळे उघडले तेव्हा ताईंचे उघडेच होते. त्यांनी ते मिटले की नाही, मला माहीत नाही.

चहा घेऊन मंडळी भरभर गेली. एरवी हलता हलत नाहीत. ताईंनी कप स्वतः मोरीत नेऊन विसळला. फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी कडी काढली, थांबल्या, आणि राग नसलेल्या आवाजात, तूर कशी आहे ते सांगावं तशा म्हणाल्या, "मॅडम, आज माह्यं नाव नाई आलं."

"राहून गेलं, ताई," मी म्हटलं.